पहिली मूठ

मिझो डोंगरांतील एखाद्या घरीं संध्याकाळचा स्वयंपाक सुरू झालेला असतो. चूल पेटलेली असते, आधण चढलेलें असतें, आणि घरची बाई डब्यांतून तांदूळ मापून काढते. ते धुण्यापूर्वीं ती त्यांतून एक मूठ उचलते आणि शेजारीं ठेवलेल्या निराळ्या भांड्यांत टाकते. मग उरलेले वैरते. हें ती कोणाला दाखविण्यासाठीं करीत नाहीं, आणि तिला त्याची आठवणहि कोणाला करून द्यावी लागत नाहीं. पुढच्या वेळीं तांदूळ शिजवावयाचे झाले, कीं पुन्हा एक मूठ. हिला मिझो भाषेंत ‘बुहफाइ थाम’ म्हणतात. बुहफाइ म्हणजे कांडून साफ केलेले तांदूळ, आणि थाम म्हणजे मूठ. १९१० सालीं सुरू झालेली ही चाल शंभर वर्षें उलटून गेलीं तरी टिकून आहे, आणि एका मोठ्या ख्रिस्ती मंडळीच्या संसाराला तिचा आधार आहे. ती मंडळी म्हणजे मिझोरमची प्रेस्बिटेरियन मंडळी. तिचें वर्ष कसें जातें, तिच्या उपासना ऋतुमानाशीं कशा जुळल्या, आणि एका गांवाला ती एकत्र कशी बांधते, हा ह्या भाषणाचा विषय आहे.

प्रेस्बिटेरियन हें नांव मराठी कानांना अगदींच परकें नाहीं. मुंबईचें विल्सन कॉलेज ज्यांच्या नांवानें चालतें ते डॉ. जॉन विल्सन ह्याच पंथाचे. जालन्याजवळ बेथेल नांवाची वसाहत वसविणारे रेव्हरंड नारायण शेषाद्रि हेहि ह्याच पंथाचे पाळक. ह्या नांवाचें मूळ ग्रीक भाषेंत असून त्याचा अर्थ ‘वडीलधारा’ असा आहे. ह्या पंथांत बिशप नसतो. प्रत्येक गांवची मंडळी आपल्यांतूनच कांहीं वडील निवडते, आणि ते पाळकाच्या जोडीनें तिचा कारभार पाहतात. अनेक मंडळ्या मिळून प्रेस्बिटरी होते, आणि प्रेस्बिटरींच्या वर सिनड असतो. गांवच्या पंचायतीची ज्यांना ओळख आहे त्यांना ही व्यवस्था समजण्यास कांहींच अडचण पडूं नये.

ह्या पंथाची दुसरी एक गोष्ट अशी कीं, सणवारांविषयीं तो फार कडक. सोळाव्या शतकांत जिनीव्हा येथें कॅल्विननें व स्कॉटलंडांत जॉन नॉक्सनें धर्मसुधारणेचा जो मार्ग घालून दिला, त्यांत रविवाराचें माहात्म्य सर्वांत मोठें. ज्या सणाला बायबलांत आधार नाहीं तो पाळूं नये, असें स्कॉटलंडांतील सुधारकांचें म्हणणें होतें, आणि नाताळहि त्या तडाख्यांतून सुटला नाहीं. स्कॉटलंडांत नाताळची सार्वजनिक सुट्टी सुरू झाली ती थेट १९५८ सालीं! अशा सणांना पारख्या झालेल्या पंथाची एक शाखा हिंदुस्थानच्या ईशान्येकडील डोंगरांत गेली, आणि तेथें ती नाताळच्या गांवजेवणाची यजमान होऊन बसली. हें कसें घडलें तें पाहण्यासारखें आहे.

वेल्स देशांतील प्रेस्बिटेरियनांचें मिशन १८४१ सालीं खासी टेकड्यांत चेरापुंजी येथें सुरू झालें. त्याच्या दक्षिणेकडे, आज जेथें मिझोरम राज्य आहे त्या मुलुखाला तेव्हां लुशाई टेकड्या म्हणत. तेथें ११ जानेवारी १८९४ रोजीं जे. एच. लॉरेन व एफ. डब्ल्यू. सॅव्हिज हे दोन तरुण मिशनरी सायरंग गांवीं नदीमार्गानें येऊन पोंचले. मिझो भाषेला तोंवर लिपि नव्हती. ह्या दोघांनीं ती भाषा शिकून तिला रोमन लिपि दिली, आणि तिच्यांत वाचन-लेखनाचा पाया घातला. १८९७ सालीं ते परत गेले, व वेल्सच्या मिशनकडून डी. ई. जोन्स तेथें आले. पहिले दोन बाप्तिस्मे झाले ते २५ जुलै १८९९ रोजीं. त्या दोन माणसांपासून जो प्रवाह सुरू झाला तो एवढा वाढला कीं, २०११ च्या शिरगणतींत मिझोरमच्या दर शंभर माणसांत सत्त्याऐंशी ख्रिस्ती भरले, आणि त्यांतील सर्वांत मोठी मंडळी प्रेस्बिटेरियनांची.

ह्या पंथाची बैठक मिझो गांवांत सहज बसली, त्याला एक कारण तेथें आधींपासूनच होतें. प्रत्येक गांवावर एक सरदार असे. त्याला ‘लाल’ म्हणत. त्याला सल्ला देणाऱ्या वडीलधाऱ्या मंडळींना ‘उपा’ असें नांव होतें. मंडळीनें निवडलेल्या वडिलांनाहि लोक उपाच म्हणूं लागले. पुढें १९५४ च्या कायद्यानें लालांचे हक्क गेले. परंतु मंडळीचे उपा राहिले. मिझोरमांत एका पाळकाकडे बहुधा अनेक मंडळ्या असतात. त्यामुळें बहुतेक रविवारीं व्यासपीठावर पाळक नसतो. गांवचाच शेतकरी, शिक्षक किंवा दुकानदार उभा राहून उपदेश करतो, आणि त्याच्या उपदेशाप्रमाणें त्याचें वागणें आहे कीं नाहीं हें समोर बसलेल्या सर्वांना ठाऊक असतें!

आतां ऋतूंकडे वळूं. मिझो शेतकऱ्याचें जुनें वर्ष डोंगरउतारावरील फिरत्या शेतीभोंवतीं फिरत असे. हिंवाळा सरतां सरतां जंगल तोडावयाचें, तें उन्हांत वाळूं द्यावयाचें, मार्चच्या सुमारास जाळावयाचें, पावसाच्या तोंडावर पेरावयाचें, पावसाळाभर निंदावयाचें, आणि शरद सरत आला कीं कापणीला लागावयाचें. ह्या कामांच्या सांध्यांवर तीन उत्सव बसविलेले होते. जंगल तोडून झाल्यावर तें वाळेपर्यंत जी सवड मिळे तींत ‘चपचार कुट’. पावसाळ्याच्या उत्तरार्धांत मका हातीं आला कीं ‘मिम कुट’. त्या वेळीं वर्षभरांत निवर्तलेल्या माणसांसाठीं नव्या मक्याचा वांटा ठेवीत. हें ऐकून मराठी माणसाला आपला पितृपक्ष आठवल्यावांचून राहणार नाहीं. तिसरा उत्सव कापणी आटोपल्यावरचा ‘पोल कुट’. पोल म्हणजे पेंढा. ह्या उत्सवांत नाच असे, ढोल असे, आणि ‘झू’ म्हणजे तांदळाची दारू असे.

मंडळीनें झू बंद केली, देवतांपुढील बळी बंद केले, आणि त्यांच्याबरोबर हे उत्सवहि मागें पडले. त्यांत कांहीं चांगलें होतें तेंहि गेलें, असें म्हणणारे लोक पुढें मिझोंमध्येंच निघाले, आणि १९७३ सालीं चपचार कुट मोठ्या प्रमाणावर पुन्हा साजरा होऊं लागला. अर्थात झू आणि बळी वगळून. परंतु मधल्या काळांतहि जंगल तोडणें, पेरणें आणि कापणें थांबलें नव्हतें. ज्या सांध्यांवर लोकांना एकत्र येण्याची संवय होती ते सांधे तसेच होते. मंडळीचें वर्ष हळूहळू त्यांच्यावर येऊन टेकलें.

ह्या वर्षाचा कणा म्हणजे रविवार. शनिवारच्या रात्रींच उपासनेला आरंभ होतो. रविवारीं बाजार बंद असतो, आणि ऐझॉलसारख्या राजधानीच्या शहरांतसुद्धां रस्ते ओस पडतात. गर्दी दिसते ती देवळांच्या वाटांवर. सकाळीं शब्बाथशाळा भरते. ती केवळ मुलांची नसते. आजोबा आणि नातू दोघेहि आपापल्या वर्गांत जाऊन बसतात. प्रौढांनींहि शब्बाथशाळेंत शिकावें ही वेल्सची जुनी रीत. मिझो डोंगरांत तिचा एक मोठा लाभ झाला. बायबल वाचतां यावें म्हणून म्हाताऱ्याकोताऱ्यांनीं अक्षरें गिरविलीं. २०११ सालीं मिझोरमांत शंभरांत एक्क्याण्णव लोक साक्षर होते, त्याच्या मुळाशीं सरकारी शाळांबरोबर हे रविवारचे वर्गहि आहेत. दुपारीं व संध्याकाळीं पुन्हा उपासना होतात. शिवाय आठवड्यांत एक रात्र स्त्रियांच्या सभेची आणि एक तरुणांची.

वर्षाचा आरंभ होतांच ११ जानेवारीला मिशनरी येऊन पोंचल्याचा दिवस पाळतात. त्या दिवशीं राज्यांत सुट्टी असते. मार्च-एप्रिलांत उत्तम शुक्रवार आणि ईस्टर येतो, तेव्हां जाळलेल्या शेतांची राख डोंगरांवर काळी दिसत असते आणि पेरणी तोंडावर आलेली असते. ज्या पंथाच्या मूळ पुरुषांनीं सण मोडले त्याचेच हे लोक ईस्टरच्या आदल्या दिवसांपासून गात असतात. पावसाळ्यांत कामाचा रगाडा फार. चिखलानें वाटा बुजतात. तरी रात्रीच्या उपासनेला माणसें येतात.

पण खरा सोहळा डिसेंबरांत. धान्य घरांत आलेलें असतें, थंडी पडलेली असते, हातांना थोडी विश्रांति असते. पूर्वीं ज्या दिवसांत पोल कुट येई त्याच दिवसांत आतां नाताळ येतो. उपासना होतातच; परंतु नाताळ म्हणतांच मिझो माणसाला आठवतात त्या दोन गोष्टी म्हणजे मंडळीचें जेवण आणि रात्रभर चालणारें गाणें. जेवणाचा शिधा मंडळी जमविते. तरुण मुलगे पहांटेपासून डुकरें कापणें, चिरणें, मोठमोठ्या कढया चढविणें ह्या कामाला लागतात. मुली पाणी, भाजी आणि वाढणें पाहतात. सर्व मंडळी एका आवारांत एकाच अन्नाला बसते. गांवांत सधन आहेत, विधवा आहेत, पोरके आहेत. त्या दिवशीं त्यांच्या ताटांत फरक नसतो. पंढरीच्या वाटेवर एका पंक्तीला बसण्याचें महत्त्व ज्यांना ठाऊक आहे त्यांना ह्या जेवणाचा अर्थ निराळा सांगावयास नको.

गाण्याची कथा थोडी विस्तारानें सांगितली पाहिजे. वेल्सचे लोक गाण्याविषयीं प्रसिद्ध. त्यांनीं मिझोंना सोल्फा पद्धतीनें, म्हणजे आपल्या सारेगमप्रमाणें स्वरांचीं अक्षरें लिहून, चार निरनिराळ्या आवाजांत गावयास शिकविलें. मिझोंनीं ती कला उत्तम साधली. तथापि तें गाणें शिकलेलें होतें. लोकांच्या अंगांत मुरलेलें गाणें निराळें होतें, आणि त्याला ढोल लागे. ढोलाला मिझो भाषेंत ‘खुआंग’ म्हणतात. झूच्या मेजवानींत वाजणारें हें वाद्य देवळांत आणावें हें प्रारंभींच्या मंडळीला पटेना. मिशनरींनाच नव्हे, तर नव्यानें ख्रिस्ती झालेल्या मिझोंनाहि त्याची धास्ती वाटे. ढोलाच्या पाठोपाठ झू येईल असें त्यांना भय होतें, आणि तें अकारण होतें असें म्हणतां येत नाहीं.

ह्यानंतर डोंगरांत धर्मजागृतीच्या लाटा आल्या. पहिली १९०६ सालीं खासी टेकड्यांतून आली, दुसरी १९१३ सालीं, आणि तिसरी, सर्वांत मोठी, १९१९ सालीं. ह्या तिसऱ्या लाटेंत लोकांनीं स्वतःचीं गीतें स्वतःच्या चालींवर रचलीं, आणि तीं गातांना ढोल आपोआप आंत आला. ह्या गीतांना ‘लेंगखोम’ गीतें म्हणतात. एकजण पुढची ओळ उच्चारतो, मग सारे ती संथ लयींत उचलतात. ढोल मध्यभागीं, भोंवतीं गाणारे, आणि भर आला कीं कांहीं जण उठून वर्तुळांत नाचूं लागतात. आरंभीं पुष्कळ वाद झाले. आज ढोलावांचून मिझो देऊळ कल्पनेंतहि येत नाहीं.

हाच प्रश्न महाराष्ट्रांतहि उभा राहिला होता. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे प्रेस्बिटेरियन नव्हेत. परंतु टाळ, अभंग आणि कीर्तन हीं ख्रिस्ती उपासनेंत आणलीं पाहिजेत, परक्या चालींवर मराठी हृदय गात नाहीं, ह्या बुद्धीनें त्यांनीं आयुष्यभर श्रम केले. ते वारले १९१९ सालीं. त्याच वर्षीं हजारों कोसांवर मिझो डोंगरांत ढोल देवळाचा उंबरठा ओलांडीत होता. दोघांना एकमेकांची वार्ता नसेल, पण गरज एकच होती.

सणांइतकेंच गांवाला एकत्र करणारें दुसरें निमित्त म्हणजे मृत्यु. मिझो गांवांत कोणी वारलें, कीं तें दुःख त्या एका घराचें राहत नाहीं. तरुण मंडळी खड्डा खणावयास जातात, दूरच्या गांवाहून शव आणावयाचें असेल तर खांद्यावर आणतात. रात्रीं लोक त्या घरीं जमतात आणि ढोलावर लेंगखोम गीतें गातात. दुखवट्याच्या घरांत माणसांना एकटें पडूं देत नाहींत. पूर्वीं अशा वेळीं झू फिरे. आतां चहा फिरतो. आपल्या गरजेपुढें दुसऱ्याची गरज मानण्याच्या ह्या वृत्तीला मिझो भाषेंत ‘त्लोमङाइहना’ म्हणतात. ती मिशनरी येण्याच्या आधींची. १९३५ सालीं मिशनच्या प्रेरणेनें निघालेल्या तरुणांच्या संघानें, जो पुढें ‘यंग मिझो असोसिएशन’ म्हणून प्रसिद्धीस आला, ती जाणूनबुजून जोपासली. मंडळीनें येथें नवें कांहीं आणलें नाहीं; होतें तें ओळखलें आणि धरून ठेवलें.

आतां पुन्हा त्या मुठीकडे येऊं. प्रत्येक घरीं सांठलेले तांदूळ ठराविक दिवशीं वाड्यांतील स्त्रिया घरोघर फिरून गोळा करतात. ते एकत्र मोजतात, विकतात, आणि पैसा मंडळीकडे जातो. पुष्कळदां विकत घेणारे गांवांतलेच असतात; म्हणजे एका घरची मूठ दुसऱ्याच्या ताटांत पडते आणि तिचें मोल धर्मकार्याला लागतें. शहरांत कित्येक घरीं आतां तांदळाऐवजीं रोख रक्कम देतात. ह्या मुठींचें एका वर्षाचें उत्पन्न आज कोटींच्या घरांत आहे, आणि त्यांतून प्रचारक, शाळा आणि निराधारांचीं कामें चालतात. परदेशी मिशनरी १९६८ पर्यंत निघून गेले. परदेशचा पैसा आटला तरी मंडळी अडली नाहीं, ह्याचें एक मोठें कारण हें भांडें.

थेंबें थेंबें तळें सांचे ही म्हण आपल्याला ठाऊक आहे, आणि तिचा प्रत्ययहि आहे. रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांसाठीं कर्मवीर भाऊराव पाटलांनीं मुष्टिफंड काढला तेव्हां खेड्यांतील आयाबहिणींनीं दळणांतून मूठमूठ धान्य बाजूला काढून परक्यांच्या मुलांना जेवूं घातलें. परंतु मिझो मुठीची किंमत समजावयाची तर तेथील दुष्काळ समजला पाहिजे. त्या डोंगरांत बांबूची एक जात सुमारें अठ्ठेचाळीस वर्षांनीं एकदम फुलते. तिच्या बियांवर उंदीर माजतात, आणि बिया संपल्या कीं ते शेतांवर तुटून पडतात. एका रात्रींत उभें पीक नाहीसें होतें. ह्या संकटाला ‘मौताम’ म्हणतात. १९११, १९५९ आणि २००७ ह्या सालांच्या सुमारास तें आलें. म्हणजे बुहफाइ थाम सुरू होतें न होतें तोंच तांदळाचा दाणा दुर्मिळ झाला. अशा मुलुखांत तांदळाची मूठ ही सांडउबार नव्हे. भूक काय असते हें ज्यांना ठाऊक आहे त्यांनीं काढून ठेवलेली ती मूठ आहे.

१९५९ च्या दुष्काळांतून असंतोष वाढला, १९६६ च्या मार्च महिन्यांत बंड उठलें, ऐझॉलवर विमानांतून मारा झाला, आणि १९६७ पासून शेंकडों गांवें उठवून माणसें रस्त्याकडेच्या वसाहतींत कोंडण्यांत आलीं. जुनीं देवळें ओस पडलीं. तांदूळ शिधापत्रिकेवर मिळूं लागले. त्या वीस वर्षांत दोन्ही पक्षांशीं बोलूं शकणारे जे थोडे लोक होते त्यांत मंडळीचे पुढारी होते. ३० जून १९८६ रोजीं शांततेचा करार झाला, त्यामागें त्यांच्या येरझाऱ्यांचाहि वांटा आहे.

एक गोष्ट मात्र झांकून ठेवूं नये. जी बाई मूठ काढते, जी घरोघर फिरून ती गोळा करते, तिला ह्या मंडळींत पाळक किंवा उपा होण्याची वाट दीर्घ काळपर्यंत मोकळी झाली नाहीं. सिनडपुढें हा प्रश्न पुनःपुन्हा आला, आणि पुनःपुन्हा नकार मिळाला. ढोलाचेंहि एके काळीं असेंच होतें. ज्या मंडळीनें लोकांचें गाणें आंत घेतलें, तिला आपल्या अन्नदात्रीला कोठें बसवावें ह्याचें उत्तर द्यावेंच लागेल.

तोंवर डोंगरांतील त्या घरीं आधण उकळत असतें. बाहेर ऋतु कोणताहि असो, पेरणीचा असो कीं कापणीचा. ती बाई तांदूळ मापते, एक मूठ भांड्यांत टाकते, आणि मग घरच्यांसाठीं उरलेले वैरते.